रात्रीचे पाजणे आणि आईची झोप

तान्ह्या बाळाच्या आईला भेटणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती "रात्रीचं झोपतं का गं?" असे विचारते आणि "नाही" असे उत्तर मिळाले की आईचे काहीतरी चुकत असावे अशा नजरेने तिच्याकडे पाहते. अंगावर पिणारे दोन-तीन महिन्यांचे बाळ रात्री उठणारच, हे मला कोणीतरी आधीच स्पष्ट सांगितले असते, तर त्याला रात्रभर झोपवण्याच्या खटपटीत वेळ न घालवता मी प्रत्येक जागरण किती लांबते याकडे लक्ष दिले असते. जागरणे टळत नाहीत. ती आटोपशीर मात्र नक्की करता येतात.

ती का टळत नाहीत, याची कारणे साधी आहेत. नवजात बाळाचे पोट लहान असते, आईचे दूध लवकर पचते आणि चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणे हे या वयात अगदी स्वाभाविक आहे. इतक्या वेळा प्यायचे म्हटल्यावर त्यांतील काही खेपा रात्री येणारच, शिवाय दिवस आणि रात्र यांतला फरक शरीराला कळू लागायलाच बाळाला साधारण दोन-तीन महिने लागतात. आईच्या बाजूनेही रात्रीचे पाजणे बिनकामाचे नसते. दूध तयार करण्याची सूचना देणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते, आणि स्तन जितके रिकामे होतात तितके दूध पुन्हा तयार होते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत रात्रीच्या खेपा तोडल्या, तर दूध कमी होण्याची शक्यता असते.

"पोट भरत नाही म्हणून उठतं" हा शेरा याच सुमारास हमखास ऐकू येतो. दूध पुरते की नाही हे बाळ किती वेळा उठते यावरून ठरवता येत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट चांगला ओला होत असेल आणि सुमारे दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे वजन भरून निघून ते पुढे वाढत असेल, तर दूध पुरते आहे. हे वजन भरून येईपर्यंत मात्र नेमकी उलट काळजी घ्यावी लागते. विशेषतः कावीळ असलेली किंवा वेळेआधी जन्मलेली बाळे भूक असूनही झोपून राहतात, आणि अशा बाळाला दर तीन तासांनी, फार तर चार तासांनी, उठवून पाजण्यास डॉक्टर सांगतात.

आता जागरणाच्या लांबीबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे आवाज आला की लगेच बाळाला उचलू नये. तान्ह्या बाळाची जवळपास निम्मी झोप चळवळी असते: पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, हात झटकन वर जातो, कण्हल्यासारखे किंवा कुंथल्यासारखे आवाज येतात, क्वचित एखादा हुंदकाही येतो, आणि हे सगळे होत असताना बाळ झोपलेलेच असते. अशा वेळी उचलले तर आपणच त्याला जागे करतो. क्षणभर थांबून पाहिले की फरक कळतो. खरी भूक लागलेले बाळ मान एका बाजूला वळवून तोंड उघडते, मूठ तोंडाकडे नेते, काही तरी शोधू लागते. त्याच वेळी घ्यावे, कारण रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. रडून लालबुंद झालेल्या बाळाला आधी शांत करावे लागते, मग ते स्तन नीट तोंडात घेते, आणि दहा मिनिटांचे काम तासावर जाते.

दुसरी गोष्ट उजेडाची. हाताशी मंद, पिवळसर दिवा असावा आणि मोबाइल शक्यतो दूर असावा, कारण घड्याळ पाहिले की किती झोप बुडाली याचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबाने उरलेली झोपही जाते. लंगोट फक्त ओला असेल आणि बाळाच्या त्वचेला त्रास नसेल तर तो बदलण्यासाठी उजेड करण्याची गरज नसते. शी केली असेल तर एका बाजूचे पिऊन झाल्यावर बदलावा, म्हणजे थोडे जागे झालेले बाळ दुसऱ्या बाजूला पिता पिता पुन्हा झोपते.

पिण्याचा वेळ घड्याळावर मोजण्यापेक्षा बाळाच्या हनुवटीकडे पाहणे मला उपयोगी वाटले. सुरुवातीला चोखणे भराभर असते. पान्हा फुटला की ते संथ आणि खोल होते, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि गिळण्याचा हलका आवाज येतो. काही वेळाने गिळणे थांबते, ओठांची नुसती थरथर उरते, घट्ट मिटलेली मूठ सैल पडते. बाळ खाली ठेवण्याची वेळ तीच. ढेकर काढण्याचा आग्रह मला जरा अतिरेकी वाटतो. दोन-तीन मिनिटे खांद्यावर धरावे, नाही आला तर नाही.

एका बाबतीत मात्र सैलपणा चालत नाही, ती म्हणजे बाळाची झोपण्याची जागा. बाळाला उताणेच, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी व मऊ पांघरुणांशिवाय झोपवावे; पहिले किमान सहा महिने ते आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागी असणे सर्वांत सुरक्षित. पाजताना डोळा लागेल असे वाटत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मुळीच बसू नये, कारण तिथे बाळ अडकून गुदमरण्याचा धोका फार मोठा असतो. त्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर सारलेल्या पलंगावर कुशीवर पडून पाजणे कमी धोक्याचे, आणि जाग येताच बाळ त्याच्या जागी ठेवावे. अंथरुणातील कोणीही धूम्रपान करत असेल, मद्य किंवा गुंगी आणणारे औषध घेतले असेल, किंवा बाळ वेळेआधीचे वा कमी वजनाचे असेल, तर बाळाला अंथरुणात झोपू देऊच नये.

पाजण्याचे काम आईचे असले तरी जागरण एकटीचे असण्याचे कारण नाही. आमच्याकडे संध्याकाळच्या सततच्या पिण्यानंतर मी लगेच झोपत असे आणि पुढच्या भुकेपर्यंत बाळ त्याच्या बाबांकडे असे. रात्रीचा हा पहिला सलग तुकडा मिळाला की पुढची तुटक झोप बरीच सुसह्य होते. काढून ठेवलेले दूध बाबांनी पाजण्याचा मार्गही आहे (ताजे काढलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते), मात्र त्या वेळेला छाती दाटून आली तर थोडे दूध काढावेच लागते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्यासाठी उठण्यापेक्षा पाजणेच सोपे पडते.

तीन-चार महिन्यांच्या सुमारास झोपेची घडण बदलते, आणि लांब झोपू लागलेले बाळ पुन्हा वारंवार उठू लागते. या वेळी बाटलीत धान्याची पेज घालण्याचा सल्ला मिळाल्यास तो ऐकू नये. त्याने झोप वाढत नाही आणि घशात अडकण्याचा धोका मात्र वाढतो.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल, ते उठवूनही नीट जागे होत नसेल, पिणे किंवा लंगोट ओले होणे अचानक कमी झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. आणि बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, दिवसच्या दिवस मन उदास राहत असेल किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर तेही इतक्याच तातडीने डॉक्टरांना सांगावे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर स्तनपान चालू ठेवूनही उपचार घेता येतात.