हांदाचं निइमी नान्किची संग्रहालय : मुलांना नेणार असाल तर आधी कोल्ह्याची गोष्ट सांगा

आमच्या थोरल्याच्या जपानी शाळेत चौथीला 'गोन-गित्सुने' म्हणजे गोन कोल्ह्याची गोष्ट आहे. ही गोष्ट इथे सगळ्याच प्रकाशकांच्या चौथीच्या पुस्तकात असते, त्यामुळे जपानमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, गोन माहीत असतोच. ती लिहिणारे निइमी नान्किची आमच्या नागोयाच्या दक्षिणेला हांदा गावचे, तिथे त्यांचं छोटंसं संग्रहालय आहे, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही मुलांना घेऊन जाऊन आलो. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाच.

गोष्ट थोडक्यात अशी. गोन एकटा राहणारा, खोडकर कोल्हा. ह्योजू नावाच्या गरीब माणसाने नदीत पकडलेली वाम तो पळवतो. पुढे ह्योजूची आई वारते, आणि गोनच्या मनात येतं की आजारी आईला वाम खावीशी वाटली असणार आणि ती आपल्यामुळे राहून गेली. मग तो गुपचूप ह्योजूच्या घरी चेस्टनट आणि अळंबी नेऊन ठेवायला लागतो. एक दिवस ह्योजूला तो घरात शिरताना दिसतो, परत चोरी करायला आला असं समजून ह्योजू गोळी घालतो आणि मग त्याला ते चेस्टनट दिसतात. तूच आणत होतास का रे, असं तो विचारतो आणि गोन डोळे मिटलेलेच ठेवून मान हलवतो. बास, तिथेच संपते.

मी चूक ही केली की धाकटीला हा शेवट सांगितलाच नव्हता, लहान आहे, कशाला उगाच, असं वाटलं. आणि संग्रहालयातल्या वाचनकक्षात चित्रांचं पुस्तक उघडून ती एकटीच पानं उलटत शेवटच्या पानावर पोचली. खूप रडली. तिथल्या शांत खोलीत अनोळखी लोकांसमोर कळण्यापेक्षा घरी मांडीवर बसून कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आधीच सांगते, गोष्ट पूर्ण सांगून मगच जा. अगदी लहान मुलांसाठी नान्किचींचीच हातमोजे विकत घ्यायला गावात जाणाऱ्या कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट आहे, ती गोड आहे, तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

जायचं कसं तर मेइतेत्सु नागोया म्हणजे मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या नागोया स्टेशनहून कोवा लाइनने हांदागुची स्टेशन. तिथे प्रत्येक गाडी थांबत नाही त्यामुळे मध्ये बदलावी लागू शकते, आधी ॲपवर बघून ठेवा. मेइतेत्सु नागोयाला एकाच फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या गाड्या एकामागून एक येतात, तेव्हा मुलांचा हात धरून बोर्ड नीट वाचूनच चढा. हांदागुचीहून संग्रहालय चालत साधारण वीस मिनिटं. स्ट्रोलर चालतो, पण सप्टेंबरमध्येसुद्धा ऊन चांगलंच लागतं, टोपी आणि पाणी हवंच.

स्टेशनहून जवळच नान्किचींचं जन्मघर आहे, ते आधी बघा. वडील तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गवती चटया करायचे, सावत्र आईचं गेता म्हणजे लाकडी चपलांचं दुकान. सख्खी आई ते चार वर्षांचे असतानाच गेली होती. हे कळल्यावर गोष्टीतली आई का मरते हे थोरल्याने मला परत विचारलं नाही.

मग याकाची नदी. नदी म्हणजे आपल्याकडचा ओढाच, पण काठावर हिगानबाना ही लाल फुलं फुलतात, 30 लाखांच्या वर. पानं नाहीत, नुसता उभा दांडा आणि वर लालभडक फूल. गोष्टीत ह्योजूच्या आईच्या अंत्ययात्रेच्या दिवशी हीच फुलं लाल कापड अंथरल्यासारखी फुललेली असतात, त्यामुळे थोरला तिथे एकदम गप्पच झाला. या झाडाचा कंद विषारी असतो, लहानांना तोडू देऊ नका. बहर साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो, गर्दी असते, कारने जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा.

संग्रहालय 1994 चं, अर्धं जमिनीत आणि छपरावर लाटांसारखं गवत. आत गोष्टींमधल्या प्रसंगांचे देखावे आहेत, त्यांच्यासमोर मुलं रमतात. माहिती बहुतेक जपानीत, म्हणून पण गोष्ट आधी माहीत असलेली बरी. मला स्वतःला सगळ्यात भिडलं ते मसुद्याचं प्रकरण. नान्किचींनी ही गोष्ट अठराव्या वर्षी लिहिली, 1932 मध्ये 'आकाई तोरी' मासिकात आली, पण पहिल्या मसुद्यात शेवटी गोनला आनंद होतो असं होतं, छापताना ते गेलं आणि नुसती मान हलवणं राहिलं. हा बदल मासिकाच्या संपादकांनी केला असं अभ्यासक मानतात. थोरला म्हणतो पहिलाच शेवट बरा होता, निदान गोनला बरं वाटलं हे कळतं तरी. मला छापलेला जास्त खरा वाटतो, कारण गोनला काय वाटलं हे ह्योजूला कधीच कळणार नाही, मग आपल्याला तरी का कळावं. परतीच्या गाडीत हाच वाद चालला होता. लेखक स्वतः 1943 मध्ये क्षयाने गेले, फक्त 29 वर्षांचे होते.

त्यांची गोगलगाईची एक अगदी छोटी गोष्ट आहे, ती मराठीत सांगायला सोपी. एका गोगलगाईला कळतं की आपला शंख दुःखाने भरलेला आहे, ती एकेका मैत्रिणीकडे जाते, तर प्रत्येक जण म्हणते माझाही भरलेलाच आहे. 1998 मध्ये नवी दिल्लीत झालेल्या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जपानच्या तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी व्हिडिओवरून जे भाषण पाठवलं त्यात याच गोष्टीचा उल्लेख होता. धाकटीला रडू थांबल्यावर हीच सांगितली, तर तिने विचारलं, गोनला पण शंख होता का?

तिकीट मोठ्यांना 220 येन, ज्युनियर हायपर्यंतच्या म्हणजे नववीपर्यंतच्या मुलांना फुकट. वेळ साडेनऊ ते साडेपाच. सोमवारी आणि महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बंद, पण त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडं ठेवून नंतर बंद ठेवतात, म्हणून लाँग वीकेंडच्या मंगळवारी निघण्याआधी एकदा तपासा. शाकाहारी असाल तर डबा न्याच, आजूबाजूला वस्तीच आहे आणि सूप-सॉसमध्ये दाशी म्हणजे माशाचा अर्क असतोच. आम्ही थालीपीठं नेली होती. कचरा टाकायची सोय शोधत बसू नका, पिशवी घेऊन जा आणि घरी आणा. संग्रहालय तासाभरात बघून होतं, पण वाचनकक्षासाठी अजून एक तास हाताशी ठेवा.