दसऱ्याच्या संध्याकाळी चिकन बंद

बडोद्यात दसऱ्याची सकाळ फाफडा-जलेबीची असते. उजाडायच्या आत फरसाणवाल्यांच्या दारात रांगा लागतात. आमच्या दांडिया बाजारच्या घरी बाबा ती पुडी आणतातच, शिवाय खंडेराव मार्केटातून झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या. तोवर आई मटणाचं वाटण काढायला घेते. नऊ दिवस घट बसलेला असतो, कांदा-लसूणसुद्धा बंद, त्यामुळे दहाव्या दिवशी आमच्यासारख्या मराठ्यांच्या घरात जिभेला धरबंध राहत नाही.

हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणूनच त्या दिवशी जे झालं त्याचा दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, अलकापुरीच्या बाजूला, चिकनसाठी नावाजलेल्या एका साखळीच्या दुकानात मी शिफ्ट मॅनेजर आहे. कुठली साखळी ते सांगत नाही. नवरात्रात आमचं दुकान पार उलटंपालटं होतं. गरबा सुटला की मध्यरात्रीनंतर चनियाचोळीतल्या मुली आणि घामाने भिजलेले केडियेवाले झुंडीने येतात आणि पनीर, आलू टिक्की, फ्राइज मागतात. शाकाहारी काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते. पलीकडे चिकनच्या फ्रायरवरचा मुलगा भिंतीला टेकून उभा असतो.

आमच्याकडे बनमधली कोंबडी दोन तऱ्हेची. मेनूवर दोन्हींना बर्गर लिहिलंय, ट्रेनिंगच्या पुस्तकात मात्र सगळीकडे सँडविच. अमेरिकेत बर्गर म्हणजे बहुतेक बीफच्या खिम्याचा, बनमध्ये कोंबडी असली की ते सँडविच. काउंटरवर 'सँडविच' कोणी म्हटलं तर आमची मुलं व्हेज ग्रिल दाखवतील. तर, स्वस्तातली पॅटी कारखान्यात खिमा थापून, वर कोटिंग चढवून, अर्धवट तळून गोठवलेली येते. ती तशीच गोठलेली गरम तेलात सोडायची, पातळ असल्यामुळे तीन-चार मिनिटांत आतपर्यंत होते. कालचा पोरगासुद्धा ती बिघडवू शकत नाही. महागातला असतो फिले, म्हणजे मांडीचा अखंड तुकडा. मसाला लावलेला, पिशवीत गोठवलेला. पिशवी उणे अठराच्या डीप फ्रीजरमधून काढून चिलरमध्ये ठेवायची आणि चांगली एक दिवस-रात्र हळूहळू सुटू द्यायची. मग हाताने पिठात घोळवायचं, दाबायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घोळवायचं, झटकायचं. वरचे खवले येतात ते या दाबण्या-झटकण्यातून. तळल्यावर गरम कपाटात अर्धा तास, त्यानंतर सरळ वेस्टेजमध्ये. अर्ध्या तासानंतर तो खराब होतो असं नाही. आतली वाफ बाहेर येत राहते, कवच लोळागोळा होतं आणि मांस कोरडं पडतं.

लोक अमक्या साखळीचं भारी, तमक्याचं रद्दी म्हणून हमरीतुमरीवर येतात. माझ्या चुलतभावांची तर दर रविवारी जुंपते. मी त्यांना सांगते, आधी तुकडा अखंड आहे की थापलेला ते बघा, आणि मग तळून किती वेळ झाला ते विचारा. मसाल्याचं गुपित वगैरे नंतर. एकाच साखळीचं एकाच दिवसातलं दुपारी तीनचं सँडविच आणि रात्री साडेआठचं सँडविच यांत जेवढा फरक पडतो, तेवढा दोन साखळ्यांत नसतो. दुपारी तीनला खाऊ नका, एवढंच सांगेन. गिऱ्हाईक नसतं, माल कपाटात बसून असतो.

आता माझी चूक. किती पिशव्या चिलरमध्ये काढायच्या हे कॉम्प्युटर सुचवतो. मागच्या काही दिवसांची विक्री बघतो आणि आकडा देतो. त्याला घट कळत नाही, आपटा कळत नाही. अष्टमीच्या रात्री दोन वाजता, पाय सुजलेले, हिशेब जुळत नाही, अशात मी दसऱ्याच्या शीटवर सही केली. शीटवर होतं: फिले, 2 पिशव्या. म्हणजे चाळीस नग. आदल्या वर्षी त्याच दुकानात दसऱ्याला आम्ही दीडशेच्या वर विकले होते. मीच विकले होते.

दसऱ्याला सातपर्यंत सगळं ठीक चाललं. सव्वासातला दार उघडं ते उघडंच राहिलं. नवे कपडे, कपाळाला कुंकू, हातात आपट्याची पानं. नऊ दिवस पाळणारे सगळे एकदम आले. डिलिव्हरीचे दोन्ही टॅबलेट टिवटिवत होते. पावणेआठला मी चिलर उघडला, आत चौदा फिले होते.

काउंटरवर परत आले आणि गर्दीत गुंतले. आठनंतर लक्षात आलं की ऑर्डरी जाताहेत, पण चौदा संपायचं नाव घेत नाहीत. क्षणभर बरं वाटलं. मग पोटात गोळा आला.

मागे गेले. सिंकमध्ये फिलेची पिशवी गरम पाण्यात तरंगत होती. फ्रायरवरचा मुलगा पीठ झटकत होता. उन्हाळ्यात लागलेला, मेहनती पोरगा, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "ताई, बाहेरून सुटलेत, बघा ना. गिऱ्हाईक थांबलंय." बास्केट नुकतीच वर आली होती. सहा फिले, दिसायला इतके सुरेख की फोटो काढावा. मी एक उचलला आणि कापला. कडेला पांढरा, मग करडा, आणि मधोमध काचेसारखा गुलाबी. आतलं तापमान मोजायचा प्रोब खुपसला: 41 अंश सेल्सिअस. आमच्याकडे 74 च्या खाली काही बाहेर जात नाही. कोंबडीतले साल्मोनेलासारखे जंतू त्या तापमानाला टिकत नाहीत म्हणून तो आकडा.

यात फ्रायरचा काही दोष नसतो. आत बर्फ असला की तेलाची उष्णता आधी बर्फ वितळवण्यात खर्च होते, तोवर मधला भाग शून्याच्या वर हलतच नाही. बाहेरचं पीठ मात्र ठरल्या वेळी लाल होतं आणि टायमर वाजतो. स्वस्तातल्या पॅटीला जे चालतं ते अंगठ्याएवढ्या जाड तुकड्याला चालत नाही.

"या पिशवीतले किती गेले?"

"पहिलीच बॅच, ताई. आठ होते. दोन गेले." त्याचा चेहरा उतरला होता. "सहा नंबर."

मी धावले. सहा नंबरवर आजी-आजोबा आणि दहा-बारा वर्षांचा नातू. आजोबांनी बन उचलून बाजूला ठेवला होता आणि प्लास्टिकच्या काट्याने फिले मधोमध फाडून ते त्याच्याकडे बघत होते. नातवाने आपल्या सँडविचचे कडेने दोन घास मारले होते. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून आजोबा मराठीतच म्हणाले, "पोरी, दसऱ्याला बर्फ खायला घालतेस होय?"

"अहो, हळू बोला," आजी म्हणाल्या.

"मी ओरडलो कुठे? दाखवतोय तिला." त्यांनी काट्याने मधल्या भागाला टोचलं. "हे बघ. घरी हिने मटण केलंय, चार तास रटरटतंय. याला मात्र इथलंच पाहिजे होतं."

मी दोन्ही प्लेटा उचलल्या, माफी मागितली. चूक आमची आहे, मध्ये कच्चं आहे, हे सरळ सांगितलं. आम्हाला शिकवलेलं वाक्य वेगळं आहे, त्यात 'कच्चं' हा शब्द येत नाही. मुलाने कुठून खाल्लं ते पाहिलं. कडेचा भाग शिजलेला होता, पण शिजलेल्या-न शिजलेल्याची सीमा दातांना थोडीच कळते. पैसे परत केले, फोन नंबर घेतला, उलटी-जुलाब काही झालं तर डॉक्टरकडे न्या आणि मला लगेच कळवा म्हटलं. नातू एवढंच म्हणाला, "वरचं मस्त होतं."

मग आत येऊन फिले बंद केले. काउंटरच्या स्क्रीनवरून, दोन्ही टॅबलेटवरून. वेळ आठ वीस. उरलेले सहा तुकडे वेस्टेज शीटवर लिहून कचऱ्यात, सिंकमधली पिशवीही कचऱ्यात, सिंक धुतलं, पिठाचा ट्रे बदलला. थापलेल्या पॅटीचं स्वस्त सँडविच चालू ठेवलं. रांगेतल्या कितीकांनी तोंडं वाकडी केली. एक जण म्हणाला, "चिकनच्या दुकानात चिकन नथी?"

दहा मिनिटांत एरिया मॅनेजरचा फोन. दसऱ्याला आयटम ऑफ? बाकीची दुकानं जोरात चाललीत, शेजारच्या शाखेतून मागवून घ्या. विचारलं, त्यांचीही तीच गत. सगळ्यांचा आकडा एकाच कॉम्प्युटरने काढलेला. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांचंही असंच होतं म्हणा. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने माल पोचवणारी कंपनी बदलली, घोळ झाला आणि निम्म्याहून जास्त दुकानांना कुलूप लागलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पॉपाइजचं नवं चिकन सँडविच आलं, सप्टेंबरअखेर पुरेल म्हणून ठेवलेला माल दोन आठवड्यांत फस्त. हे मी फोनवर बोलले नाही. त्यांनी विचारलं की अर्धवट सुटलेला माल जास्त वेळ तळला असता तर? म्हटलं, बाहेरून कोळसा झाला असता, सर. थोडा वेळ दोघंही गप्प.

मुलाला मी रागावले नाही असं नाही. नंतर मात्र अष्टमीच्या शीटवरची माझी सही त्याला दाखवली. तो बघत राहिला आणि म्हणाला, "मग मला कशाला बोललात?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोब लावला नाहीस म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. ते खरंही होतं.

सहा नंबरवाले जाताना काउंटरवर थांबले. आजोबांनी खिशातून आपट्याचं पान काढलं. "सोनं घे." मी हातमोजा काढून घेतलं आणि वाकून नमस्कार केला, युनिफॉर्ममध्येच. रांग बघत होती. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. मुलगा ठणठणीत होता. आजी म्हणाल्या, उरलेलं मटण त्याने दोन दिवस खाल्लं.

त्या दसऱ्याच्याच रात्री दीडला पुढच्या शीटसाठी कॉम्प्युटर उघडला होता. त्याने नवा आकडा काढून ठेवला होता. दसऱ्याला रात्री आठ वीसनंतर फिलेची विक्री शून्य, ही नोंद त्याला मिळाली होती. विक्री का थांबली ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सूचना होती: फिले, 1 पिशवी.

मी ते खोडलं, वर 8 लिहिलं आणि सही केली.