आमची वाटचाल : दस्त्यात दडलेल्या वस्तू

आमचं मूळ काम चामड्याचं. जुनी खोगिरं, पेट्या, पट्टे यांची डागडुजी करून देणारी छोटी फर्म. मी, माझा धाकटा भाऊ आणि शिवणीत हात मुरलेले एक कारागीर. एक दिवस एक संग्राहक स्प्रिंगफील्ड रायफलीचा पट्टा घेऊन आले. अमेरिकी सैन्याचा १९०७ चा नमुना : चामड्याचे दोन तुकडे, जोडीजोडीने पाडलेली भोकं आणि त्यांत अडकणारे दुहेरी नख्यांचे हुक. उसवलेली शिवण घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा पहिल्या महायुद्धातला की दुसऱ्या?" आम्हांला सांगता येईना. उत्तर त्यांनीच दिलं. हुक पितळी असले तर बहुधा पहिल्या युद्धाच्या काळातला. दुसऱ्या युद्धात पितळ वाचवायला पोलादी हुक आले. पट्टा शिवायला घेण्याआधी तो निरखून पाहायची सवय आम्हांला तिथून लागली.

पुढे गिऱ्हाइकं रायफलीसोबतच्या बाकीच्या वस्तूही आणू लागली आणि आम्ही त्या शोधून, स्वच्छ करून विकू लागलो. रायफली आम्ही विकत नाही. नळी, बोल्ट (काडतूस नळीत सारणारा सरकता भाग) असे भागही नाहीत. परवान्याचा प्रश्न आला की आमचं काम तिथे थांबतं.

तिसऱ्या वर्षी मोठा फटका बसला. एका व्यापाऱ्याकडून पट्ट्यांचा गठ्ठा घेतला होता. चामडं काळवंडलेलं, कडा झिजलेल्या, शिक्के जागच्या जागी. सात पट्टे अस्सल म्हणून गेले. आठवा हातात घेतल्यावर कारागिरांनी धाग्याचं सुटलेलं टोक जाळून पाहिलं. सुताचा किंवा तागाचा धागा जळून राख होतो. हा वितळून कडक गोळी झाला, म्हणजे धागा कृत्रिम, पट्टा नकली. सातही जणांना आम्ही स्वतः कळवलं आणि पैसे परत केले. दोघे पुन्हा आले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आता प्रत्येक वस्तू आधी अतिनील दिव्याखाली जाते, कारण नवा धागा पुष्कळदा निळसर उजळतो. नक्कल विकण्यात वावगं काही नाही, पण तिच्यावर 'नक्कल' असं लिहिलेलंच हवं.

माझा जीव मात्र तेलाच्या कुप्यांत अडकला. रशियन मोसिन-नागां रायफलीची कुपी पाहा. पत्र्याची, आत दोन कप्पे, दोन झाकणं. पुष्कळ कुप्यांवर एका बाजूला रशियन 'श्च' आणि दुसऱ्या बाजूला 'न' उठवलेलं असतं : एकात अल्कलीचं पाणी, दुसऱ्यात तेल. तेव्हाच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून नळीत क्षार उरायचे. क्षार ओल धरतात, आणि तेलात ते विरघळत नाहीत. म्हणून आधी अल्कलीने धुवायचं, मग तेल लावायचं. नळी का गंजते याचं सगळं उत्तर तळहाताएवढ्या डब्यात आहे.

ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीची कुपी पितळी. ती घासून चकचकीत करून द्या असा काही जण आग्रह धरतात. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. घासताना शिक्का पुसट होतो. ब्रिटिश मालावर शिक्क्यात उठवलेले दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर तो माल सैन्याने विकून टाकलेला, हे तोच शिक्का सांगतो.

विचित्र वस्तू म्हणाल तर जपानी टाइप ९९ रायफलीच्या. नळीखाली तारेचा एक पाय आणि विमानावर नेम धरायला मागच्या नेमपट्टीला उघडणारे दोन पंख. बोल्टवरचं धूळझाकण वाजतं म्हणून पुष्कळ सैनिकांनी फेकून दिलं, त्यामुळे आज ते शोधावं लागतं. पेडरसन यंत्राबद्दलही दरवर्षी विचारणा होते. स्प्रिंगफील्डला पिस्तुलाएवढी काडतुसं झाडायला लावणारा तो जोड सुमारे ६५,००० बनला आणि पहिल्या महायुद्धानंतर बहुतेक सगळे नष्ट केले गेले. आमच्याकडे तो कधीच आला नाही.

गेल्या महिन्यात ली-एनफिल्डचा एक लाकडी दस्ता दुरुस्तीला आला. मागचं पितळी झाकण गंजून बसलेलं. दोन दिवस तेल मुरवलं तेव्हा उघडलं. आत कुपी आणि गुंडाळलेला पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढून ती पुसायची दोरी : पितळी वजन, दोरी, दोरीला फासे. एका फाशात वापरलेली चिंधी तशीच होती, काळी पडलेली. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "राहू द्या." आम्ही झाकणाच्या बिजागरीला तेलाचा थेंब दिला आणि सगळं होतं तसं आत ठेवलं.