अठराव्या दिवसाची अंडी

नागपूरच्या धरमपेठेत मी संध्याकाळी चिनी शिकवते. मे महिन्यातल्या एका दुपारी हिंगण्याकडच्या एका कोंबडीवाल्या काकांचा फोन आला. त्यांचा पुतण्या माझ्या वर्गात होता. "मॅडम, मशीन चिनी हाय, कागद हरपला. आज अठरावा दिवस हाय जी. तुमीच या."

कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात. अठराव्या दिवसापासून ती फिरवणं बंद करायचं आणि आतला दमटपणा वाढवायचा, हे पुतण्यानं मला गाडीतच समजावलं. अंडी उबवायचं ते मशीन सेकंडहँड. पॅनेलवरचं प्लॅस्टिक घासून अक्षरं अर्धी उरलेली, मोबाइलच्या भाषांतरानं हात टेकलेले.

मला उलट हुरूपच आला. चिनी कोशांत अक्षरं 214 मूलखुणांखाली, म्हणजे अक्षरांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक भागांखाली, लावायची पद्धत 1716च्या खांगशी कोशानं रूढ केली; मी वर्गात त्याच खुणांच्या गोष्टी करते. 'उबदार'चं अक्षर घ्या: डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे वर सूर्य, खाली थाळी. थाळीत पाणी ओतून आपल्या मे महिन्यात गच्चीवर ठेवा, गॅस पेटवायची गरज नाही. 'ओलं'मध्ये तेच थेंब, तोच सूर्य. खाली मात्र आडव्या रेघेवर चार कोंब. पावसानंतरचं रान.

पॅनेलवर दोन्ही शब्द एकाखाली एक होते. थेंब दिसत होते, सूर्य दिसत होता. दोन्हींचा तळ मात्र पुसलेला! माझी अख्खी गोष्ट उभी होती ती त्या तळावर. वरच्या अक्षरात मला कोंबाचं टोक दिसल्यासारखं वाटलं आणि मी ठासून सांगितलं, "हा दमटपणा."

काकांनी आकड्याकडे बोट केलं. "वरते 37.8 हाय, खालते 55. अंड्याले 37.8 उबारा लागते जी. ते ओलं कसं असन?"

पुतण्या खिडकीबाहेर बघायला लागला.

फिरवण्याचं बटण मात्र मला सापडलं. दुसऱ्या रांगेत उजवीकडे शेजारी शेजारी दोन पिसं शिल्लक होती आणि पुढच्या अक्षराच्या तळाशी किडा. पिसं म्हणजे कूस बदलणारी कोंबडी. अंड्यातला किडा म्हणजे पिल्लू बाहेर येऊन जो पहिला टिपणार तो. 'फान तान', अंडी फिरवणं. (खरं सांगायचं तर पिसांच्या डावीकडचा भाग निव्वळ 'फान' हा उच्चार सांगायला आहे. बहुतेक चिनी अक्षरं अशीच, अर्धा अर्थ आणि अर्धा आवाज. कोंबडीची गोष्ट माझी. पोरांना ती खरी व्युत्पत्ती वाटू लागली की मी लगेच टोकते.)

बटण दाबलं. आत घरघरणारी मोटर थांबली. काकांनी लगेच पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर बॉलपेननं 'फिरवणे' लिहिलं, मग वर 'गरम', खाली 'ओल'. मग दमटपणा वाढवायचं बटण त्यांनीच शोधलं, आकडा हलतो का ते बघत बघत.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी हातात दिली. मी घाबरून मशीनकडे पाहिलं.

"हे उबवाचे नाही जी," ते म्हणाले, "खायाचे हायेत."