तुम्ही विचारलंत म्हणून: काकांच्या गिटारला ट्रेमोलो का बसवला

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. बालगंधर्वला साउंड चेक चालू असताना, भोसरीत आमच्या टूलरूममध्ये, परवा तर एका मुंजीत जेवणाच्या रांगेत: “काकांची ती सागवानी गिटार इतकी छान चालत होती, तिला मागून खोदून ट्रेमोलो कशाला बसवलास?” (ट्रेमोलो म्हणजे दांडा दाबून सगळ्या तारांचा सूर एकदम खाली-वर करणारा हलता ब्रिज.) आजवर मी “हौस होती” म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर खरं नव्हतं. हौसेपायी मी त्या लाकडाला हात लावला नसता. तेव्हा आज एकदा नीट सांगतो, म्हणजे पुन्हा रांगेत उभं राहून सांगावं लागणार नाही.

गिटार तुम्हाला माहीतच आहे. पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा काकांनी त्याची एक तुळई मिळवली आणि सुताराकडून तिच्यातून बॉडी कापून घेतली. कुणाच्या तरी मोडक्या परदेशी गिटारचा मेपलचा नेक (मान) तिला लावला आणि पुढची सगळी वर्षं ऑर्केस्ट्रात तीच वाजवली. आकार फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा, पण ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) पक्का, म्हणजे हार्डटेल. तारा बॉडीच्या मागून ओवून वर घ्यायच्या. खांद्याला जड. त्यांचा डावा हात अर्धांगवायूने गेला तेव्हा त्यांनी ती मला दिली. “पडून राहिली तर तारा गंजतील, वाजव,” एवढंच म्हणाले.

आता हेही सांगतो की तुमच्याइतकाच कडवा विरोध पूर्वी मी स्वतः करायचो. “बोटांत नाही ते दांड्यात कुठून येणार?” हे वाक्य मी कितीतरी जणांना तोंडावर ऐकवलंय. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा फक्त ऐंशीच्या दशकातले मेटलवाले होते, फ्लॉइड रोझ या ट्रेमोलोचा दांडा तारा पार लोंबेपर्यंत दाबणारे. त्या वयातल्या माझ्याशी आज मला पुरतं भांडताही येत नाही. डावा हात कच्चा असलेली माणसं बार, म्हणजे तोच दांडा, हलवून बेसूरपणा झाकतात, हे मी आजही स्टेजवर ऐकतो. त्या मुलाचं तेवढं म्हणणं बरोबरच होतं. पण त्याने काकांचा डावा हात कधी नीट पाहिला नव्हता.

काका नेक ढकलायचे. संथ गाण्याच्या शेवटी शेवटची कॉर्ड वाजवली की उजव्या हाताने बॉडी पोटाशी दाबून धरायची आणि डाव्या हाताने नेक किंचित पुढे रेटायचा. सगळ्या तारा जराशा सैल व्हायच्या, अख्खी कॉर्ड खाली बसायची आणि सोडली की परत वर यायची. त्यांच्या घरी शॅडोज या इंग्लिश बँडच्या कॅसेट होत्या, त्यांचा गिटारवादक हँक मार्विन याच्यावर काकांचा जीव होता आणि मार्विनच्या हातात ट्रेमोलोवाली स्ट्रॅट असे. काकांना तोच आवाज हवा होता, आणि पक्क्या ब्रिजवर तो काढायला हीच एक वाट होती. त्यापायी नेकचे चार स्क्रू वेळोवेळी ढिले होत, ते मीच आवळून देत असे.

बोटाने तार ओढली की सूर वर चढतो, मूळ सुराच्या खाली जात नाही. सतारीवरही असंच असतं. उतरती मींड घ्यायची तर तार आधी ओढून ठेवायची, आघात करायचा आणि मग सोडायची. एका तारेवर हे जमतं, मीही करतो. सहा तारा एकदम उतरवणं बोटांना जमत नाही. काचेच्या किंवा लोखंडी पट्टीने जमतं, ब्रिजभूषण काब्रांनी तर आडव्या गिटारवर पट्टीने अख्खी रागदारी वाजवली, पण पट्टीखाली एका सरळ रेषेत जे सूर येतील तेवढेच मिळतात. मला मायनर सेव्हन्थ कॉर्ड धरून ती हलवायची होती. इंग्लिश गिटारवादक जेफ बेक एकेक सूर बारने खालून उचलून जागेवर आणायचा, ते ऐकल्यावर तर माझं जुनं वाक्य माझ्याच तोंडी खोटं वाटायला लागलं.

“मग बिग्स्बी लावायचा, खोदावं तरी लागलं नसतं.” हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. बिग्स्बी हा ट्रेमोलोचाच दुसरा प्रकार, तो बॉडीच्या वरून स्क्रूने बसतो हे खरं. लेस पॉलसारख्या गिटारला तर असलेल्या खुंट्यांवरच पट्टी लावून एकही नवं भोक न पाडता तो बसवता येतो. पण या गिटारच्या तारा मागून येणाऱ्या. तिथे ब्रिज तसाही बदलावाच लागला असता. शिवाय बिग्स्बीचा झोका लहान, मला तीन फ्रेट, म्हणजे तीन अर्धस्वर, खाली जायचं होतं. फ्लॉइड रोझ लावला तर तारा वरच्या टोकाला नटमध्ये (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीत) आवळाव्या लागतात आणि त्या नटसाठी नेकलाही कापावं लागतं. तो नेक मी कापणार नव्हतो. उरली ती लिओ फेंडरने 1954 साली स्ट्रॅटोकास्टरला दिलेली रचना: पुढे सहा स्क्रूंवर डुलणारी पट्टी, तिच्याखाली बॉडीच्या आरपार जाणारा लोखंडी ठोकळा, आणि मागच्या खाचेत त्या ठोकळ्याला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. दहाच्या तारांचा (सगळ्यात बारीक तार 0.010 इंच) सेट सुरात लावला की सगळा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो. तेवढा ताण मधोमध तोलून धरणारी ही रचना आहे. ती ‘शोभेची दांडी’ आहे म्हणणाऱ्याने एकदा मागचं झाकण उघडून बघावं.

काम मी सुताराकडे दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी मालकांच्या परवानगीने आमच्या मिलिंग मशीनवर केलं. नेक काढला, बॉडीखाली नमदा घातला, क्लॅम्पच्या तोंडांना चामडं लावलं. कटर लावण्याआधी बॉडीवरून चुंबक फिरवला, कारण वाड्याच्या लाकडात खिळा असतोच. मागच्या बाजूला, जिथे स्प्रिंगांची खाच येणार तिथेच तो खेचला गेला. मग तेवढी जागा पटाशीने उकरली. आत बिनडोक्याचा, हाताने ठोकलेला चौकोनी खिळा होता आणि त्याच्याभोवती साग काळा पडला होता. तो काढल्यावरच मशीन चालू केलं. सागात सिलिका असते, कटरची धार लवकर जाते, म्हणून दर फेरीला अगदी थोडं उतरायचं. मागची खाच सोळा मिलिमीटर, मधली फट पंचेचाळीस मिलिमीटरच्या बॉडीतून आरपार. भुसा पिवळट आणि तेलकट निघत होता. सहा स्क्रूंची रेघ आखताना मात्र मी कितीदा व्हर्नियर लावला असेल देव जाणे, कारण नटपासून सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) 648 मिलिमीटरवर आलं नाही तर वरच्या फ्रेटवर ती गिटार जन्मभर बेसूर. हे सगळं अशासाठी सांगतोय की “फोडली” हा शब्द मी फार ऐकलाय.

काकांना मी आधी विचारलं नव्हतं. यावरून माझ्यावर सगळ्यात जास्त बोट ठेवलं जातं. माझं म्हणणं आजही तेच आहे: त्यांनी ती जपायला दिली नव्हती, वाजवायला दिली होती. काम झाल्यावर मात्र पहिल्यांदा त्यांच्याकडेच घेऊन गेलो.

ते दिवाणावर उशीला टेकून बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी केस उघडली तेव्हा ते पुढून काहीच बघेनात. म्हणाले, “मागचं दाखव.” मी गिटार उलटी केली. स्प्रिंगांचा ताण अजून लावायचा होता म्हणून झाकण बसवलं नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट खाचेच्या कडेवरून फिरवलं. कोपऱ्यात तो खिळ्याचा काळा डाग राहिला होता, तिथे बोट थांबलं. “खिळा होता?” मी हो म्हटलं. “तरीच त्या सुताराच्या करवतीचे दात एकदा गेले होते.” मग विचारलं, “स्प्रिंगा तीनच?”

“दहाच्या तारा आहेत काका, तीन पुरतात. पाच लावल्या की बार जड जातो.”

“वाजव.”

मी वाजवली. बार वापरून, त्यांच्याच आवडीचा संथ तुकडा. ते ऐकत राहिले आणि संपल्यावर म्हणाले, “आता तो दांडा काढ आणि खालची तार नुसती वाजव.” मी बार फिरवून काढला, सहावी तार मोकळी वाजवली. पुन्हा वाजवायला लावली. तिसऱ्यांदा ते डोळे मिटून म्हणाले, “खर्ज गेला.”

मी वाद घातला. तुमच्या अकराच्या तारा होत्या, या दहाच्या आहेत. तारा नव्या आहेत. अँप छोटा आहे. “तारांचं मला सांगू नकोस,” ते म्हणाले, आवाज न चढवता. मला त्या क्षणी गिटार उचलून निघून जावंसं वाटलं. चहा तसाच होता. काकू आतबाहेर करत होत्या आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

मग तेच म्हणाले, “लाव परत. आणि ई मायनर धर.”

मी त्यांच्या डाव्या अंगाला सरकून बसलो, गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी आली. डाव्या हाताने मी कॉर्ड धरली. त्यांनी उजव्या अंगठ्याने सहाही तारांवरून फिरवलं आणि त्याच हाताचा तळवा बारवर टेकवला. पहिल्या वेळी फार दाबला, कॉर्ड पार कोसळली. दुसऱ्यांदा कमी. पुढे मी कॉर्ड बदलत गेलो आणि ते नुसत्या तळव्याच्या वजनाने तिला खाली नेऊन वर आणत राहिले. अगदी तोच झोका. नेक ढकलून जो यायचा तो, पण न अडखळता, आणि परत येताना सुरात. “नेक रेटून याच्या निम्मंसुद्धा येत नव्हतं,” ते म्हणाले.

एवढ्यात त्यांचा मुलगा कामावरून आला. त्याने दारातूनच उघडी खाच पाहिली. “बाबा, तुमची गिटार फोडली यानं?” काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि तेच सांगितलं, “खर्ज गेलाय तिचा.” नेकबद्दलचं वाक्य ते त्याच्यापुढे पुन्हा बोलले नाहीत.

झालं ते हे. मुलगा एक वाक्य घेऊन गेला, माझ्याकडे दुसरं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात काका वारले, त्यामुळे तिसरं वाक्य आता मिळणार नाही. तो सगळ्यांना सांगतो की बाबा नाराज होते. मी म्हणतो की त्यांचा अंगठा आणि तळवा मी जवळून पाहिलाय. आम्ही दोघंही खोटं बोलत नाही.

आणि खर्जाचं काय? मला माहीत नाही. तारांची टोकं पूर्वी थेट सागात होती, आता ती लोखंडात आहेत आणि ते लोखंड स्प्रिंगांवर टेकलंय. काहीतरी बदलणारच. काही वेळा साउंड चेकला सहावी तार मोकळी वाजवतो आणि काकांचं पटतं. काही वेळा पटत नाही. जुनं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, पण त्यात तारा वेगळ्या, अँप वेगळा आणि वाजवणारा तर वेगळाच.

जे नक्की गमावलंय ते मात्र लपवणार नाही. एक तार तुटली की ताण घटतो, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. भर कार्यक्रमात असं झालं की गाणं संपेपर्यंत काही करता येत नाही, म्हणून मी आता दुसरी, पक्क्या ब्रिजची गिटार जवळ ठेवतो. एक तार बोटाने ओढली की बाकीच्या किंचित उतरतात, त्यामुळे दोन तारांवरचे काही जुने तुकडे मला सोडून द्यावे लागले. नटच्या खाचेत तार अडकली की बार सोडल्यावर ‘टिक’ असा आवाज येतो आणि ती सुरात परतत नाही. तिथे शिसपेन्सिलचं शिसं घासत राहावं लागतं, आणि पावसाळ्यात जास्तच. काकांना यातलं काहीच करावं लागलं नव्हतं.

मुलाने अलीकडे निरोप पाठवला आहे की ती होती तशी करून दे. खाच बुजवता येते. सागाचा ठोकळा घट्ट बसवायचा, तेलकट लाकूड आधी नीट पुसून घ्यायचं म्हणजे गोंद धरतो, जुना ब्रिज माझ्याकडे आहे. पण तुळईतला तो तुकडा भुसा होऊन गेला, आणि मी वाजवतोय तोवर मी ती बुजवणार नाही. त्याला हवी असेल तर आहे तशी घेऊन जावी, तिच्यावर माझ्याआधी त्याचा हक्क आहे हे मी मानतो. केसमध्ये कागद ठेवलाय: तारा दहाच्या, स्प्रिंगा तीन, ब्रिजची मागची कड बॉडीपासून 3.2 मिलिमीटर वर, पुढचे सहा स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत. बार केसच्या छोट्या कप्प्यात आहे.