कर्लीच्या खाडीत, सुकतीच्या वेळी

मालवणातले पहिले दोन दिवस किल्ला, बाजार आणि बांगडे खाण्यात गेले. मला सांगायचंय ते देवबागच्या मागच्या पाण्याबद्दल आणि त्याच्या सुकतीबद्दल, म्हणजे ओहोटीबद्दल.

देवबाग म्हणजे वाळूची अरुंद पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, टोकाला संगम आणि समोर भोगवे. संगमाजवळच्या त्सुनामी आयलंडवर जेट स्की आणि बनाना राइडचा असा गोंगाट, की मला तिथे दहा मिनिटंही थांबवेना. म्हणून ताईने आणि मी कायाक घेतली, नदीच्या वरच्या अंगाला, नेरूरपारच्या दिशेने जाणारी. बुकिंगवाल्याने वेळ दिली दुपारी चारची. ‘सनसेट’ म्हणे.

अर्धा तास मजेत गेला. मग आम्ही कांदळवनातल्या एका चिंचोळ्या पाटात शिरलो आणि कायाकचं बूड खरवडलं. वल्हं रोवलं तर पातं चिखलात. शेजारच्या कांदळाच्या मुळांवर पाण्याची ओली रेघ चांगली हातभर वर दिसत होती.

सोबतचा पोरगा काही न बोलता उतरला. मांडीपर्यंत रुतला. दोर खांद्यावर घेऊन तो आम्हा दोघींना ओढायला लागला. आम्ही उतरतो म्हटलं, तर ‘कालवं आहेत, पाय कापतील’ म्हणाला. कापला त्याचाच. टाच वर आली तेव्हा चिखलावरून रक्ताची बारीक धार उतरताना दिसली. आजूबाजूला निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, परांवर सरपटत होत्या, दोन तर अंगठ्याएवढ्या जागेसाठी तोंड वासून भांडत होत्या. एरवी मी तासभर बघत बसले असते. त्या दिवशी नजर त्या टाचेवरून हलेना.

‘मी सांगितलेलं त्यांना, आज पाणी नाय राहणार,’ एवढंच तो म्हणाला. ऐकलं कोणी नाही, कारण बुकिंग चारचंच घेतात. याचा राग मला अजून आहे. पाण्यात उतरणार तो, आणि वेळ ठरवणार खुर्चीवरचा माणूस!

रात्री आमच्या घरमालकीणबाईंचे सासरे, आबा, ओसरीवर होते. त्यांना सगळं सांगितलं.

‘सुकतीत गेलास कित्याक? आज तिथ खयची?’

‘पौर्णिमा.’

‘पंधराचा पाऊणपट किती? सव्वा अकरा. तेवा पाणी भरता. मगे सुकाक लागता.’

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ढोबळ पण कामाची. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा जवळजवळ पाच तास पाणी उतरतच होतं. त्यात पुनवेचं उधाण; भरती जेवढी मोठी, तेवढीच सुकती खोल. अष्टमीला हाच हिशेब सहाला येतो. चारचा फेरा तेव्हा चढत्या पाण्यात झाला असता. कायाक घेणाऱ्या प्रत्येकाने सूर्यास्ताची वेळ विचारण्याआधी तिथी विचारावी, असं मला कळवळून वाटतं.

भरती रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास. आबांच्या सांगण्यावरून आम्ही साडेनऊला निघालो. तोच पोरगा, टाचेला पट्टी, या वेळी पैसे थेट त्याच्या हातात. तो मागच्या होडीत बसला, चिखलात उतरायची वेळच आली नाही. भरतीचं पाणी आम्हाला आपसूक वर नेत होतं, वल्हं फक्त दिशेपुरतं. आदल्या दिवशीचा पाट आता काठोकाठ भरलेला. कांदळाच्या लांब शेंगांची टोकं पाण्याला टेकलेली. तिवराचं पान तोडून मागची बाजू जिभेला लावली, खारट! झाड आत आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. ताईने मग आणखी तीन पानं चाटून पाहिली.

बाराच्या पुढेमागे पाणी थांबलं. एक पिवळं पान आमच्या शेजारी तसंच, जागच्या जागी. कोणी वल्हं मारेना. मग ते पान हळूच देवबागकडे वळलं, आणि त्याच्या मागोमाग आम्ही.