शेफिल्डची अवे मॅच आणि शेल्समूरचा थांबा

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री सिटी या आमच्या फुटबॉल क्लबची अवे मॅच, म्हणजे दुसऱ्या गावातली मॅच, ठरली की मी आणि मिरजेचा माझा रूममेट तिकीट काढतो आणि लगेच पब शोधायला बसतो. पहिल्या वर्षी ही अक्कल नव्हती. एका गावात स्टेशनवरून सरळ ग्राउंड गाठलं, तर चारही पबांच्या दारावर 'फक्त होम फॅन्स' अशी पाटी. पावसात तासभर बाहेर उभे राहिलो. बरं, आत स्टॅंडमध्ये बसून तरी प्यावी, तर तेही नाही. 1985 च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, आणि फॅन्ससाठी खास ठरवलेल्या बसमध्येही नाही. म्हणजे जे काही प्यायचं, गप्पा मारायच्या, ते मॅचआधी पबमध्येच.

म्हणून आता ग्राउंडच्या आसपास पब शोधतच नाही. स्टेशन आणि ग्राउंड यांच्या मधला, तिथल्या लोकांचा, हँडपंपवाला (हाताने दांडा ओढून बिअर काढतात तो) पब शोधायचा. मॅच तीनला असेल तर साडेअकराला पोचायचं.

शेफिल्डला हे सगळं छान जुळून येतं. बर्मिंगहॅमला गाडी बदलून उतरलो, निळ्या मार्गाची ट्रॅम धरली आणि शेल्समूरला उतरून केलम आयलंडमध्ये चालत गेलो. एके काळी हा पोलादाच्या कारखान्यांचा भाग. 2007 च्या जूनमध्ये डॉन नदीचं पाणी इथे घुसलं होतं. अल्मा स्ट्रीटवरचा 'फॅट कॅट' पब 1981 पासून चालू आहे. शेजारीच 1990 मध्ये त्यांची ब्रूअरी सुरू झाली आणि तिच्या 'पेल रायडर'ला 2004 साली ब्रिटनमधल्या सर्वोत्तम बिअरचा मान मिळाला. पुढे ब्रूअरी बंद पडली, पण पेल रायडर आता थॉर्नब्रिज ही दुसरी ब्रूअरी बनवते.

जर्सीवर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून आत शिरलो. कुठली घ्यावी ते कळेना, तर काउंटरवरच्या बाईंनी न विचारताच छोट्या ग्लासात दोन घोट चाखायला दिले. मग त्यांनी हँडपंपाचा लाकडी दांडा सावकाश खाली ओढला, पुन्हा ओढला. नळाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी असते. तिच्यातून बिअर जोरात आली की वर सायीसारखा दाट फेस धरतो. यॉर्कशरची ही पद्धत मला फार आवडते. बिअर बर्फासारखी गार नसते, माठातल्या पाण्याइतकीच गार. त्यामुळे चव नीट कळते.

सोबत चीज-कांद्याची पाई घेतली. टेबलावर हेंडरसन्स रेलिशची बाटली. 1885 पासूनचं हे शेफिल्डचं सॉस इथली माणसं जेवणात सढळ हाताने घालतात. आंबटगोड चव ओळखीची वाटली म्हणून बाटली फिरवून घटक वाचले. चिंच! रूममेटने अर्धी बाटली पाईवर ओतली.

ते बघून शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसले. टोपीला घुबडाचा बिल्ला, म्हणजे शेफिल्ड वेन्सडेवाले, त्या दिवशीच्या समोरच्या क्लबचे.

"कॉव्हेन्ट्रीचे ना? मग चेन कशाला? उघडा की," म्हणाले.

पुढचे दोन तास त्यांच्याबरोबरच गेले. ते चाळीस वर्षं सीझन तिकीट काढताहेत. अवे फॅनशी असं मनापासून बोलणारी माणसं मला ग्राउंडसमोरच्या गर्दीच्या पबात कधीच भेटली नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "पुढची अवे कुठे?" आम्ही म्हटलं, डर्बी. त्यांनी ग्लासाखालची पुठ्ठ्याची बिअरमॅट उलटी केली, पेन काढलं आणि दोन नावं लिहिली: ब्रन्सविक, अलेक्झांड्रा. "दोन्ही स्टेशनजवळच. आधी ब्रन्सविक. 1842 चा, रेल्वेवाल्यांचा पब."

शेल्समूरहून पिवळ्या मार्गाच्या ट्रॅमने वेन्सडेच्या हिल्सबरो ग्राउंडजवळ, लेपिंग्ज लेनला उतरलो. 15 एप्रिल 1989 च्या चेंगराचेंगरीत ग्राउंडच्या याच बाजूला लिव्हरपूलच्या 97 फॅन्सचा जीव गेला. अवे फॅन्स आजही त्याच बाजूला बसतात. ट्रॅममध्ये आमची पोरं गळा फाडून गात होती, पण या गेटातून आत जाताना मला गाता आलं नाही.

परतताना गाडीला पाऊण तास होता. तो स्टेशनवरच्या शेफिल्ड टॅप या पबमध्ये काढला. रेल्वेची जुनी, पडीक झालेली उपाहारगृहाची खोली दुरुस्त करून 2009 मध्ये हा पब सुरू केला. त्याचं एक दार थेट फलाटावर उघडतं, त्यामुळे पिंट शेवटच्या घोटापर्यंत निवांत पिता आली.

गाडीत बसल्यावर रूममेटने खिशातून ती बिअरमॅट काढली, मोबाइलवर डर्बीचा नकाशा उघडला, आणि स्टेशनपासून ब्रन्सविक चालत किती लांब ते मोजायला लागला.